नोंद आणि आठवण : 'वॉल्ट्झ विथ बशीर' आणि १९८२चे बैरूत

१

स्मृतीचा अभाव आणि माहितीचा अभाव या दोन भिन्न गोष्टी आहेत. युद्धविषयक वाङ्मयाचा आणि चित्रपटांचा विचार करताना हा भेद पुष्कळदा पुसट होतो. जे आठवत नाही ते अज्ञात होते, आणि कलाकृतीने ते उजेडात आणले, असे सहज गृहीत धरले जाते. आरी फोलमन या इस्रायली दिग्दर्शकाच्या 'वॉल्ट्झ विथ बशीर' (२००८) या अॅनिमेशनच्या माध्यमातील अनुबोधपटाविषयी झालेल्या चर्चेतही हे गृहीतक वारंवार आढळते. ज्या घटनेचा हा चित्रपट शोध घेतो ती सप्टेंबर १९८२ मधील घटना मात्र कधीच अज्ञात नव्हती. तिची नोंद झाली होती, चौकशी झाली होती, निवाडाही झाला होता. नोंद असूनही आठवण नाही, अशी ही स्थिती होती. ती कशी निर्माण झाली आणि तिला रेखाटलेल्या चित्रांचेच रूप का घ्यावे लागले, हा या चित्रपटासंबंधीचा खरा ऐतिहासिक प्रश्न होय.

प्रथम घटनाक्रम ध्यानात घेणे आवश्यक आहे. ३ जून १९८२ रोजी लंडनमध्ये इस्रायलचे राजदूत श्लोमो अर्गोव्ह यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि ६ जूनला इस्रायली सैन्य लेबनॉनमध्ये घुसले. या मोहिमेला 'गॅलिलीसाठी शांतता' असे नाव देण्यात आले होते. उन्हाळाभर बैरूतला वेढा पडला. ऑगस्टअखेरीस पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या सैनिकांनी आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली शहर सोडले. २३ ऑगस्टला बशीर जमायेल हे फलांजिस्ट पक्षाचे तरुण नेते लेबनॉनचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले. सत्ताग्रहणापूर्वीच, १४ सप्टेंबरला, बाँबस्फोटात त्यांची हत्या झाली. इस्रायली सैन्य पश्चिम बैरूतमध्ये शिरले आणि १६ सप्टेंबरच्या संध्याकाळी त्याच्या संमतीने फलांजिस्ट सैनिक साब्रा ही वस्ती व शातिला ही निर्वासितांची छावणी यांत घुसले. १८ तारखेच्या सकाळपर्यंत तेथे स्त्रिया, मुले व वृद्ध यांची कत्तल चालू होती. मृतांची संख्या इस्रायली लष्करी गुप्तहेर खात्याने ७०० ते ८०० इतकी मानली. इतर अंदाज ३,५००पर्यंत जातात. रात्री इस्रायली सैन्य आकाशात प्रकाशगोळे सोडीत होते आणि त्या उजेडात हे सारे घडले.

२५ सप्टेंबरला तेल अवीवमध्ये प्रचंड निषेधसभा भरली; तिला ४ लाख लोक जमल्याचे त्या वेळी सांगितले गेले. न्यायमूर्ती यित्झाक कहान यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने फेब्रुवारी १९८३मध्ये अहवाल सादर केला. हत्याकांडाची प्रत्यक्ष जबाबदारी फलांजिस्टांची, तर अप्रत्यक्ष जबाबदारी इस्रायलची, असा त्याचा निष्कर्ष होता. संरक्षणमंत्री आरिएल शारोन यांच्यावर आयोगाने वैयक्तिक जबाबदारी ठेवली. त्यांना ते पद सोडावे लागले, परंतु ते मंत्रिमंडळात राहिले आणि २००१ साली देशाचे पंतप्रधान झाले. म्हणजे १९८३ सालच्या इस्रायली नागरिकाला जे माहीत होते, ते २००६ सालच्या इस्रायली दिग्दर्शकाला 'आठवत' नव्हते. या तेवीस वर्षांच्या अंतरात हा चित्रपट उभा आहे.

२

'अनुबोधपट' हा मराठीत रुळलेला शब्द येथे विशेष अर्थपूर्ण ठरतो. संस्कृतात 'अनुबोध' याचा मागाहून होणारे ज्ञान, पुन्हा होणारे स्मरण असा अर्थ आहे. 'माहितीपट' या पर्यायी शब्दात तो अर्थ उरत नाही. तेथे माहिती आधीच हाताशी असते व ती पुरविली जाते. फोलमन यांची कृती माहितीपट म्हणून फारशी समाधानकारक नाही. लेबनॉनमधील यादवीची कारणे, पॅलेस्टिनींच्या निर्वासितपणाचा इतिहास, इस्रायल आणि फलांजिस्ट यांच्यातील संबंध यांविषयी ती जवळजवळ मौन पाळते. परंतु अनुबोधपट म्हणून, म्हणजे जे घडताना कळले नाही ते मागाहून कसे कळत जाते याचा आलेख म्हणून, ती पाहण्याजोगी आहे.

छायाचित्रणाचा आधार नसलेला अनुबोधपट ही कल्पना वरकरणी विसंगत वाटते. आंद्रे बाझँ यांनी छायाचित्राचे प्रामाण्य वस्तू व तिची प्रतिमा यांतील भौतिक संबंधावर उभे केले होते. पर्स यांच्या परिभाषेत छायाचित्र हे निर्देशक चिन्हही असते. धूर जसा अग्नीचा, तसे ते समोर असलेल्या वस्तूचा निर्देश करते. रेखाटलेल्या चित्राला हा आधार नाही. तरीही अनुबोधपट आणि अॅनिमेशन यांचा संबंध जुना आहे. ७ मे १९१५ रोजी 'लुसिटानिया' हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडविले व १,१९८ माणसे मेली. बुडण्याचे चित्रण कोणीही केलेले नव्हते. म्हणून विन्झर मॅके यांनी १९१८ साली ती घटना हजारो रेखाटनांतून उभी केली. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या नावातही अनुबोधपट, लघुपट व अॅनिमेशनपट एकत्र आले. अर्थात तेथे ते शेजारी होते, एकरूप नव्हते. अॅनाबेल होनेस रो यांनी २०१३मधील ग्रंथात या मिश्र प्रकाराची तीन कार्ये सांगितली आहेत : न टिपलेल्या दृश्याची हुबेहूब भरपाई करणे, तशी हुबेहूब नसलेली भरपाई करणे, आणि मनोव्यापाराचे सूचन करणे.

मॅके यांच्या चित्रपटात पहिले कार्य आहे. फोलमन यांच्याकडे मात्र परिस्थिती उलटी आहे. शातिलाची दृश्ये टिपली गेली होती; वृत्तचित्रकार १८ सप्टेंबरला तेथे पोहोचले होते. येथे चित्रे काढावी लागतात ती पुरावा नाही म्हणून नव्हे, तर पुरावा असूनही तो त्या सैनिकाच्या मनाशी जोडला जात नाही म्हणून. दोन्हींतील हा भेद मूलभूत आहे.

निर्मितीची पद्धतही याच दृष्टीने पाहावी लागते. मुलाखती प्रथम स्टुडिओत ध्वनिचित्रमुद्रित करण्यात आल्या आणि त्यांवरून कलादिग्दर्शक डेव्हिड पोलोन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व चित्रे नव्याने काढली. मूळ चित्रणावर रेषा गिरवून माणसे बनविलेली नाहीत. योनी गुडमन यांच्या मार्गदर्शनाखाली प्रत्येक आकृतीचे अनेक सुटे तुकडे करून ते संगणकावर हलविण्यात आले. त्यामुळे माणसांच्या हालचालींना एक प्रकारची संथ, तरंगती गती प्राप्त झाली. चालणारा माणूस पावले टाकतो आहे यापेक्षा तो वाहून नेला जात आहे, असे वाटते. तंत्राच्या मर्यादेतून आलेला हा परिणाम आशयाशी इतका सुसंगत आहे की, युद्धात आपण काही केले यापेक्षा आपल्या हातून काही होत गेले अशी त्या सैनिकांची जी जाणीव, तीच जणू रेषेत उतरते. चित्रपटाचे सामर्थ्य येथे आहे आणि, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, त्याच्याविषयीच्या नैतिक शंकेचे मूळही येथेच आहे.

चित्र कल्पित आणि आवाज खरा, म्हणून प्रामाण्य आवाजात आहे, असा युक्तिवाद काही समीक्षकांनी केला आहे. तो पूर्णपणे टिकत नाही. मुलाखत दिलेल्यांपैकी दोघांनी आपली ओळख लपविली आणि त्यांचे शब्द नटांनी उच्चारले आहेत. चित्रपटाच्या आरंभी ज्याचे स्वप्न दिसते तो मित्र या दोघांपैकीच एक आहे. २६ कुत्रे तेल अवीवच्या रस्त्यावरून पिसाटल्यासारखे धावत त्याच्या खिडकीखाली येतात. माणसांवर गोळी झाडणे त्याला जमणार नाही हे ओळखून, गावात शिरताना भुंकून सावध करणारे कुत्रे मारण्याचे काम त्याला देण्यात आले होते. २६ ही संख्या त्याला पक्की आठवते. जी स्मृती इतकी काटेकोर आहे तिचा आवाज उसना आहे, आणि ती ऐकणाऱ्या फोलमनजवळ स्वतःचा आवाज असूनही स्मृती नाही. प्रामाण्याची वाटणी इतकी सरळ नसते, हे चित्रपट पहिल्या दहा मिनिटांतच सुचवितो.

३

न्यायदर्शनात स्मृतीला प्रमा मानलेले नाही. पूर्वी आलेल्या अनुभवाचा संस्कार मागे उरतो आणि त्यातून स्मृती उत्पन्न होते. ती नवे ज्ञान देत नाही. अनुभव आधी, संस्कार नंतर, स्मृती शेवटी, असा हा क्रम आहे. फ्रॉइड यांनी पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या स्वप्नांचा विचार करताना १९२० साली या क्रमासमोर एक अडचण उभी केली. ते सैनिक जागेपणी आघाताचा विचार करीत नव्हते, पण स्वप्नात पुन:पुन्हा त्याच स्थळी परतत होते. कॅथी करूथ यांनी १९९६मध्ये या निरीक्षणाला सिद्धान्ताचे रूप दिले. त्यांच्या मते आघात घडतेवेळी पूर्णपणे अनुभवलाच जात नाही; तो उशिरा, पुनरावृत्तीच्या रूपाने, प्रथमच अनुभवास येतो. न्यायाच्या परिभाषेत बोलायचे तर येथे संस्कार आहे, परंतु त्याला जन्म देणारा अनुभव अपुरा आहे.

चित्रपटात तीन वेळा येणारे समुद्राचे दृश्य अशा अपुऱ्या अनुभवाचे रूप आहे. रात्री बैरूतच्या किनाऱ्यावर काही तरुण सैनिक नग्नावस्थेत पाण्यात तरंगत असतात. आकाशातून प्रकाशगोळे हळूहळू उतरतात, सारे पिवळट होते, ते पाण्याबाहेर येऊन कपडे चढवितात, आणि कोपऱ्यावरून आक्रोश करणाऱ्या स्त्रियांचा लोंढा सामोरा येतो. तो प्रसंग जसाच्या तसा घडला होता असे चित्रपट कोठेही सिद्ध करीत नाही. उलट ओरी सिवान हे दिग्दर्शकमित्र फोलमनला आरंभीच बजावतात की, बनावट छायाचित्र दाखवून माणसांच्या मनात बालपणीची खोटी आठवणही निर्माण करता येते. अशा प्रकारचे प्रयोग मानसशास्त्रात झाले आहेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गरम हवेच्या फुग्यातून केलेल्या सहलीचे बनावट छायाचित्र पाहून जवळजवळ निम्म्या जणांना कधीच न घडलेली ती सहल कमीअधिक प्रमाणात 'आठवली'. तेव्हा समुद्राचे दृश्य हा पुरावा नव्हे, ती एका भाराची खूण आहे. त्या दृश्यातील एकच गोष्ट इतिहासाच्या कसोटीला उतरते, ती म्हणजे प्रकाशगोळे. ते कहान आयोगाच्या अहवालातही आहेत. स्वप्न आणि अहवाल यांचा जेथे छेद होतो तेथेच या चित्रपटाचे मर्म आहे. ज्या उजेडात मारेकऱ्यांनी काम केले त्या उजेडाशी आपला हात लागला होता, ही गोष्ट सैनिकाच्या मनाने समुद्राच्या शांत पाण्यात दडवून ठेवली होती.

आघाततज्ज्ञ झाहावा सॉलोमन यांनी सांगितलेली हकीकत चित्रपटाच्या रचनेची गुरुकिल्ली ठरते. छायाचित्रणाचा छंद असलेला एक सैनिक युद्धाकडे काल्पनिक कॅमेऱ्यातून पाहत होता. त्यामुळे गोळीबार, जखमी, आरडाओरडा हे सारे त्याला प्रेक्षणीय भासत असे. बैरूतच्या घोडशर्यतीच्या मैदानात मेलेल्या व मरणासन्न अरबी घोड्यांचा खच पाहिल्यावर त्याचा कॅमेरा 'मोडला' आणि भीतीने त्याचा ताबा घेतला. 'वॉल्ट्झ विथ बशीर'मधील चित्रे हाच तो काल्पनिक कॅमेरा आहेत. अखेरीस तोही मोडतो. शेवटच्या क्षणांत रेखाटने थांबतात आणि शातिलाच्या गल्ल्यांतील प्रत्यक्ष वृत्तचित्रण सुरू होते : आक्रोश करणाऱ्या स्त्रिया आणि मृतदेह.

या शेवटाविषयी मतभेद आहेत. क्लोद लांझमान यांनी 'शोआ'त (१९८५) पुराभिलेखातील एकही दृश्य वापरले नाही; संहाराची प्रतिमा दाखविणे म्हणजे त्याला आकलनीय करून टाकणे होय, अशी त्यांची भूमिका होती. फोलमन नेमके विरुद्ध करतात. चित्रे पाहून प्रेक्षकाने हे केवळ चित्र आहे असे म्हणून सुटका करून घेऊ नये, हा त्यामागील हेतू स्पष्ट आहे. पण या निर्णयाचा एक परिणाम दृष्टिआड करता येत नाही. चित्रपटभर इस्रायली सैनिकांना रेषा, रंग, नाव व मनोव्यापार मिळाले. पॅलेस्टिनींना शेवटी छायाचित्रणाची सत्यता मिळाली. परंतु नाव नाही, कथा नाही, आणि अरबीतून ओरडणाऱ्या त्या स्त्रीच्या शब्दांना भाषांतरही नाही. तिचे बोलणे केवळ ध्वनी म्हणून उरते. ज्याला अंतरंग आहे तो चित्रात, आणि ज्याला केवळ शरीर आहे तो छायाचित्रात, अशी ही विभागणी आहे.

४

येथून आघात-सिद्धान्ताच्याच एका जुन्या प्रश्नाकडे वळावे लागते. करूथ यांनी फ्रॉइडकडून घेतलेले टास्सोच्या महाकाव्यातील उदाहरण प्रसिद्ध आहे. टँक्रेड शत्रूच्या चिलखतातील आपल्या प्रेयसीला, क्लोरिंडाला, न ओळखता ठार करतो. पुढे एका मायावी अरण्यात तो वृक्षावर तलवार चालवितो, तेव्हा त्यातून रक्त वाहते आणि क्लोरिंडाचा आवाज येतो. करूथ यांना या जखमेतून उमटणाऱ्या आवाजात आघाताचे स्वरूप दिसते. रूथ लेस यांनी २०००मध्ये यावर मार्मिक आक्षेप घेतला : तलवार ज्याच्या हातात आहे तो टँक्रेड आघातग्रस्त ठरतो, आणि जी दोनदा मारली गेली ती क्लोरिंडा त्याच्या आघाताची केवळ वाणी बनते. 'वॉल्ट्झ विथ बशीर' आणि त्याच्या शेवटी ऐकू येणारी ती भाषांतर नसलेली वाणी यांना हा आक्षेप थेट लागू पडतो.

इस्रायलमध्ये या प्रवृत्तीला 'गोळ्या झाडतात आणि रडतात' असे उपरोधिक नाव फार पूर्वीच मिळाले होते. १९६७च्या युद्धानंतर सैनिकांच्या आत्मपरीक्षणपर संवादांचे जे संकलन प्रसिद्ध झाले, त्यापासून ही परंपरा सुरू झाली असे मानतात. सैनिकाची सद्सद्विवेकबुद्धी जागी आहे हे दाखवून युद्धाची नैतिकता शाबूत ठेवणे, हे तिचे कार्य होय. मे २०००मध्ये इस्रायली सैन्य दक्षिण लेबनॉनमधून माघारी आले आणि त्यानंतर त्या युद्धावरील चित्रपटांची एक मालिकाच दिसते : २००७मध्ये 'बोफोर', २००८मध्ये 'वॉल्ट्झ विथ बशीर', २००९मध्ये 'लेबनॉन'. तिन्ही आंतरराष्ट्रीय महोत्सवांत गाजले. फोलमन यांच्या चित्रपटाला जानेवारी २००९मध्ये गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला तेव्हा गाझामध्ये इस्रायलची लष्करी मोहीम चालू होती. गिडियन लेव्ही यांच्यासारख्या इस्रायली पत्रकाराने या योगायोगावर कठोर टीका केली.

ही टीका योग्य असली तरी ती चित्रपटाला पुरून उरते, असे म्हणता येणार नाही. डॉमिनिक लाकाप्रा यांनी केलेला एक भेद येथे उपयुक्त आहे. अपराधकर्त्यालाही आघात होऊ शकतो. परंतु आघात झाला म्हणून तो पीडित ठरत नाही. आघात ही मानसशास्त्रीय कोटी आहे, पीडितत्व ही नैतिक व राजकीय कोटी आहे. या दृष्टीने पाहता, चित्रपटातील सर्वांत धाडसी आणि सर्वांत निसरडे स्थळ एकच ठरते. सिवान फोलमनला सांगतात की, या छावण्यांविषयीची तुझी ओढ खरे पाहता 'त्या' दुसऱ्या छावण्यांविषयीची आहे. फोलमन यांचे आईवडील नाझी संहारातून वाचलेले होते. एकोणिसाव्या वर्षी त्या मुलाला, इच्छा नसता, नाझींच्या भूमिकेत उभे केले गेले, असा सिवान यांच्या बोलण्याचा आशय आहे. पत्रकार रॉन बेन-यिशाई यांनाही शातिलातून बाहेर येणारी माणसे पाहून वॉर्सा वस्तीतील, हात वर केलेल्या मुलाचे छायाचित्र आठवते. एका समाजाने आपल्या सर्वांत पवित्र स्मृतीच्या मोजमापाने स्वतःचे कृत्य मोजावे, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु त्याच क्षणी शातिला ही आउशविट्झची छाया बनते आणि तेथील मृत पुन्हा एकदा दुसऱ्याच्या इतिहासाचे पात्र होतात. स्वतःवरील आरोप आणि स्वतःचे समर्थन ही येथे एकाच वाक्यातून उमटतात.

५

म्हणून हा चित्रपट एकटा वाचणे पुरेसे नाही. त्याच घटनेभोवती इतर संहिता आहेत आणि प्रत्येकीची जागा वेगळी आहे. झाँ जने १९ सप्टेंबर १९८२ रोजी शातिलात शिरले आणि तेथे काढलेल्या चार तासांविषयीचा त्यांचा लेख १९८३मध्ये प्रसिद्ध झाला. मृतदेह ओलांडत, वास आणि माश्या यांच्यासह, गल्लीगल्लीतून जाणारी ही पाहुण्याची साक्ष आहे. महमूद दरवीश यांनी वेढ्यातील ऑगस्टमधल्या एका दिवसावर लिहिलेल्या गद्यग्रंथाच्या शीर्षकातच स्मृती विस्मरणासाठी असल्याचे म्हटले आहे. इलियास खूरी यांच्या 'बाब अल-शम्स' (१९९८) या कादंबरीतील निवेदक शातिलातील इस्पितळात, बेशुद्ध पडलेल्या वृद्ध सैनिकाच्या उशाशी बसून कथा सांगत राहतो. छावणी ही तेथे हत्याकांडाची जागा नसून राहण्याची जागा आहे. आणि 'मासाकर' (२००५) या मोनिका बोर्गमान, लोकमान स्लिम व हर्मान थाइसन यांच्या अनुबोधपटात प्रत्यक्ष मारेकरी बोलतात. लेबनॉनमध्ये १९९१च्या सर्वसाधारण माफीच्या कायद्याने युद्धकाळातील गुन्ह्यांवर पडदा टाकला होता. हत्याकांडातील फलांजिस्ट पथकांचे प्रमुख एली होबेका पुढे मंत्री झाले आणि २००२ साली स्फोटात मारले गेले. 'मासाकर'मधील माणसांचे चेहरे दिसत नाहीत. दिसतात ते हात, पाठी, देहांची अस्वस्थ हालचाल. फोलमन यांच्याकडे चेहरे आहेत आणि कृत्य धूसर आहे. येथे कृत्य उघड आहे आणि चेहरे काळोखात आहेत.

या चौकटीत 'वॉल्ट्झ विथ बशीर'चे स्थान निश्चित करता येते. हत्याकांडाभोवती वर्तुळे होती, असे चित्रपटच सांगतो : आतील वर्तुळात मारणारे, त्याबाहेर पाहणारे, त्याहीबाहेर ऐकणारे व कळूनही न कळणारे. हा चित्रपट या बाह्य वर्तुळांचा इतिहास आहे. इस्रायली सैन्याचे ठाणे छावणीपासून सुमारे २०० मीटरवरील एका इमारतीच्या छतावर होते. त्या छतावरून छावणीच्या गल्ल्यांत काय चालले आहे हे दिसणे शक्य नव्हते, असे कहान आयोगाने नोंदविले. परंतु जे दिसत नव्हते त्याची कल्पना करता आली असती, म्हणूनच आयोगाने जबाबदारीही निश्चित केली. कल्पना न करणे हाच तेथे अपराध ठरला. पंचवीस वर्षांनंतर त्याच बाह्य वर्तुळातला एक सैनिक चित्रे काढवून घेतो, म्हणजे त्या रात्री जी कल्पना केली गेली नाही ती उशिरा करू पाहतो. रेखाटन हे माध्यम येथे केवळ शैली नाही. चुकलेल्या कर्तव्याची ती विलंबित पूर्ती आहे.

ती पूर्ती अपुरी आहे. ती वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबते आणि पुढचे काम वृत्तचित्रणाच्या हवाली करते. त्या स्त्रीचे शब्द काय होते, हे चित्रपटाच्या बहुसंख्य प्रेक्षकांना कळत नाही. मात्र ते शब्द अनाकलनीय नाहीत. ते अरबीत आहेत आणि अरबी जाणणाऱ्या कोणालाही ते कळतात. लेबनॉनमध्ये इस्रायली चित्रपटांना बंदी असतानाही जानेवारी २००९मध्ये बैरूतमध्ये या चित्रपटाचा एक खाजगी खेळ झाला. तो आयोजित करणाऱ्या संस्थेमागे 'मासाकर'चेच दोन दिग्दर्शक होते. त्या प्रेक्षकांना शेवटच्या दृश्यासाठी भाषांतराची गरज नव्हती. इतरत्र शेवट ठरणारे ते दृश्य तेथे बोलू लागले असणार. जे एका प्रेक्षकवर्गासाठी स्मृतीचे अंतिम टोक आहे, तेच दुसऱ्यासाठी कथनाचा आरंभ असते. आघाताचा इतिहास लिहिणाऱ्याने या दोन प्रेक्षकवर्गांना एकमेकांच्या जागी बसवू नये, एवढे तरी या चित्रपटाच्या अभ्यासातून निष्पन्न होते.